नालंदाच्या दारात चाळीस मुद्दे

चावा. आणखी चावा. कडू-तुरट लागणारच, इथं पुदिन्याची पेस्ट मिळत नाही. काडीचं टोक चावून तंतू सुटे झाले की त्यांनी दात घासायचे. मग काडी मधोमध उभी चिरायची, वाकवायची आणि तिनं जीभ खरवडायची. जीभ विसरू नका, आज दिवसभर तिचंच काम आहे.

डोकं चाचपत बसू नका. हो, केस गेलेत. अंगावर चीवर आहे, पायांखाली थंडगार विटांची फरसबंदी आहे आणि तुम्ही नालंदा महाविहारात उभे आहात. हर्षवर्धनाचा काळ. राजगीरच्या टेकड्या दक्षिणेला, अर्ध्या दिवसाच्या चालीवर. मुलगी असलात तरी आजच्या दिवसापुरतं कुणी हटकणार नाही, तशी बोली करूनच तुम्हाला आणलंय. संस्कृतही आजच्यापुरतं अस्खलित येतंय. एकदा बोलून बघा. बघा, विभक्तीसुद्धा चुकली नाही.

तुम्हाला इथं कशाला आणलं तेही सांगतो. शाळेच्या वादविवाद संघात तुमचं नाव लागलंय. बाईंनी एक झेरॉक्स दिलीय: ठराव, पक्ष, प्रतिपक्ष, खंडन, मोशन, रिबटल. प्रत्येकापुढे एका ओळीची व्याख्या. ती पाठ होत नाही आणि झाली तरी स्टेजवर आठवत नाही. इथं या शब्दांच्या व्याख्या पाठ केल्या जातातच, पण त्याआधी पोरं त्यांना ठेचकाळतात. ठेच लागली की शब्द विसरत नाही.

घंटा झाली. अंघोळीची आहे. निघा.

सगळ्या दारांतून एकाच वेळी भिक्षू बाहेर पडतायत. कधी शंभर, कधी हजार, खांद्यावर पंचा टाकून दहाही दिशांच्या तळ्यांकडे. ओल्या मातीचा वास, पायांचा फटफट आवाज आणि मध्येच कुणीतरी पुटपुटत म्हटलेलं सूत्र. थंडी सरत आलीय. आंब्याला मोहोर लागलाय. पाण्यात पाय घातलात की पोटऱ्यांतून कळ डोक्यात जाते. तुमच्या शेजारी एक पोरसवदा भिक्षू गळ्यापर्यंत बुडून दात वाजवतोय. बोलण्याच्या ढंगावरून कळतं की तो गोदावरीकडचा आहे. तुम्हाला बरं वाटतं. त्याला तसं काही वाटत नाही. त्याला फक्त सावज मिळालंय.

"आयुष्मन्, तळ्याच्या पलीकडे बघ. काय दिसतं?"

"धूर."

"मग?"

"मग तिथं कुणीतरी शेकोटी पेटवली असणार."

"गेला तुझा हेतू," तो आनंदानं म्हणतो आणि पाण्यात बुडी मारतो. वर येतो तेव्हा तुम्ही नीट बघता. तो धूर नाही, पाण्यावरचं धुकं आहे.

ही पहिली ठेच. तुम्ही केलेलं विधान, म्हणजे 'तिथं आग आहे', ही तुमची प्रतिज्ञा. ती सिद्ध करायला दिलेलं कारण, 'कारण तिथं धूर आहे', हा हेतू. प्रतिज्ञा कदाचित खरीही असेल, पलीकडे खरंच कुणी शेकत बसलेलं असेल. पण ज्या धुरावर तुम्ही ती उभी केलीत तो धूरच पक्का नाही. अशा हेतूला असिद्ध म्हणतात. हेतूचा नुसता भास, म्हणून हेत्वाभास. स्पर्धेत "सर्वेक्षणातून सिद्ध झालं आहे की" असं ठोकून देणाऱ्या आणि कोणतं सर्वेक्षण ते न सांगणाऱ्या वक्त्याला तळ्याकाठी उभं करावं असं मला फार वाटतं.

अंग पुसता पुसता पोरगा आणखी दोन ठेचा देतो. "तुझं डोकं मुंडलेलं आहे, म्हणून तू भिक्षू आहेस. बरोबर?" तुम्ही हो म्हणणार एवढ्यात जीभ चावता. तुम्ही कुठले भिक्षू! डोकं भिक्षूचंही मुंडलेलं असतं आणि भिक्षू नसलेल्याचंही. दोन्हीकडे सापडणारा हेतू कुठल्याच बाजूचा नसतो. हा अनैकांतिक. तिसरा सगळ्यांत गमतीचा: "शब्द नित्य आहे, कारण तो निर्माण होतो." जे निर्माण होतं ते तर नाशवंत. म्हणजे वक्त्यानं स्वतःच्या तोंडानं समोरच्याची बाजू सिद्ध करून दिली. हा विरुद्ध. असा वक्ता प्रतिपक्षाला मिळाला की प्रतिपक्षानं फक्त टाळ्या वाजवायच्या.

विहाराकडे परतताना खरा धूर नाकात जातो. अंगणातल्या चुली पेटल्यात, ओलं सरपण डोळ्यांत पाणी आणतंय. आता पोरगा सगळं सरळ मांडून दाखवतो. त्या अंगणात आग आहे. कारण तिथून धूर येतोय. जिथं धूर तिथं आग, जसं कुठलंही स्वयंपाकघर. आणि आग नाही तिथं धूर नाही, जसं मघाचं तळं. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाची मंडळी, पुढे आणखी दोन पायऱ्या चढतात, उपनय आणि निगमन: हे अंगणही तसंच धूरवालं आहे, म्हणून इथं आग आहे. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाच्या परंपरेतले इथले लोक म्हणतात, तीन पुरेत. ज्याला कळायचं त्याला कळलं. शाळेच्या स्पर्धेत मात्र पाचही पायऱ्या चढा. परीक्षक दुपारचे जेवून आलेले असतात.

ढुम्म. नगारा. एकच टोला.

आवाजाच्या दिशेनं बघा. तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाणी, त्यावर पातळ तांब्याची वाटी तरंगतेय. तळाला सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून पाण्याची बारीक धार वर येतेय. शेजारी मुलं डोळ्यांत तेल घालून बसलीत. वाटी एकदा बुडाली की एक टोला, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा तीन. चौथ्यांदा चार टोले, दोनदा शंख आणि वर आणखी एक टोला: सकाळचा पहिला प्रहर झाला. ऋतूप्रमाणे दिवस लहानमोठा होतो म्हणून भोकही लहानमोठं करतात. काही दशकांनी इथं येणारा चिनी प्रवासी इत्सिंग हे सगळं हौसेनं लिहून ठेवणार आहे. तुमच्या स्पर्धेतला वेळाधिकारी घंटी मारताना जसा निर्विकार असतो, तशीच ही मुलं निर्विकार आहेत. या एका पदाला तेराशे वर्षांत काहीही झालेलं नाही.

वाटेत एका निवासातून भाताचा वास येतो आणि तुमचे पाय आपोआप थांबतात. हा साधा भात नाही. महाशाली तांदूळ, दाणा उडदाहून मोठा, आणि शिजला की त्याचा घमघमाट दूरवर जातो. राजांना आणि थोर विद्वानांनाच मिळतो. तुम्हाला नाही. वास घ्या आणि पुढे चला. हे घर कुणाचं ते थोड्या वेळात कळेल.

महाद्वाराशी गर्दी आहे. रोजच असते, कारण इथं आत शिरायचं तर द्वारपंडिताच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात आणि बाहेरून आलेल्या दहांतले सात-आठ इथूनच परत जातात. आत शिरलेल्या उरलेल्यांचा माज सभेत उतरतो, तो भाग वेगळा. पण आजची गर्दी वेगळी आहे. माना वर आहेत. घामाचा, तेलाचा, फुलांचा आणि कालच्या ताकाचा एकत्र वास येतोय, कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत आहे. दारावर काहीतरी लिहून टांगलंय.

"चाळीस मुद्दे आहेत," पोरगा टाचा उंचावून सांगतो. "लोकायताचा ब्राह्मण आहे. म्हणतो, यातला एक जरी कुणी खोडला तर माझं डोकं कापून देतो."

लोकायत, म्हणजे चार्वाकाच्या वाटेचे लोक. डोळ्यांना दिसतं तेच प्रमाण. परलोक, कर्मफळ, यज्ञ, सगळ्याला नकार. तो स्वतः दाराच्या बाजूला बसलाय, ताठ. काही दिवस झाले, आतून कुणीही आलेलं नाही. रोजच्या रोज त्याची मान आणखी ताठ होतेय.

मुद्दे वाचायचा प्रयत्न कराल, तर पुढे एक धिप्पाड भिक्षू उभा आहे. सोडा. रचना तेवढी बघा. विधान ज्यानं टांगलं तो वादी. खोडायला उठेल तो प्रतिवादी. तुमच्याकडे आयोजक ठराव ठरवतात आणि बाजू चिठ्ठी टाकून मिळते. इथं आपला ठराव आपण लिहायचा, आपणच टांगायचा आणि शेजारी बसून राहायचं. मुद्दे आधी उघड करायचे, मग लढायचं. या बाबतीत आपल्या मुलखाचा एक दाखलाही आहे. आज या दारामागे ज्याच्या नावाची कुजबुज चालू आहे तो चिनी भिक्षू नुकताच महाराष्ट्रातून फिरून आलाय. इथले लोक मानी, उपकार न विसरणारे, आणि सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी निरोप धाडतात, तो शस्त्र घेऊन सज्ज झाला की मगच भिडतात, असं तो लिहून ठेवणार आहे. पोरग्याला हे सांगितलंत तर त्याची छाती फुगते. लगेच तोच निरोप न देता तुमच्या पायावर पाय देतो.

थांबण्याशिवाय काम नाही, तेव्हा पायरीवरच्या दोन लहान मुलांकडे बघा. ती वाद-वाद खेळतायत. एक म्हणतो, "हा माणूस नवकंबल आहे." म्हणजे याच्या अंगावर नवं कांबळं आहे. दुसरा चटकन म्हणतो, "नव? नऊ कांबळी कुठायत? मला तर एकच दिसतंय!" आजूबाजूचे खो खो हसतात. पहिला रडकुंडीला येतो. हा छल: समोरच्याच्या शब्दाचा त्याला नको असलेला अर्थ धरायचा आणि त्या अर्थाला झोडायचं. हशा मिळतो, म्हणून छल कधी मरत नाही. त्याला उत्तर एकच, न रडता शांतपणे म्हणायचं: मी नव म्हणजे नवं म्हणालो, तेवढ्याचं बोल.

पोरगा तुम्हाला आणखी एक धडा इथंच देतो, कारण तुम्ही सहज म्हणून गेलात की दारात हे सगळं वितंडवादासाठी जमलेत. आपण कुठल्याही आरडाओरड्याला वितंडवाद म्हणतो. इथं असं बोललात तर हसतील. नैयायिकांच्या हिशेबात बोलण्याच्या तीन जाती आहेत. खरं काय ते कळावं म्हणून दोघं बोलतात, तो वाद. जिंकायचं म्हणून बोलतात आणि छलासकट सगळी आयुधं काढतात, तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडायची, ती वितंडा. मग तुमच्या स्पर्धेत ठरावाच्या विरोधात उभे राहून "हे चालणार नाही, तेही चालणार नाही" एवढंच सांगून खाली बसणारे वक्ते कोण? वैतंडिक. शिवी म्हणून नाही, जात म्हणून. नागार्जुनासारखा माणूस तर उघड म्हणायचा की माझी प्रतिज्ञाच नाही, तेव्हा माझ्यावर दोष येईल कुठून. पण तेवढी तयारी नसेल तर परीक्षक विचारतातच: मग तुमचं म्हणणं काय?

आणि आता, सरका! सरका!

दारातून एक सेवक बाहेर येतो. भिक्षू नाही, साधा कामकरी. तो सरळ जातो, टांगलेला मजकूर ओढून काढतो, फाडतो आणि पायांखाली तुडवतो. टराटर फाटण्याचा आवाज सगळ्या गर्दीच्या डोक्यावरून जातो. ब्राह्मण ताडकन उठतो. "कोण तू?"

"मी महायानदेवाचा सेवक."

महायानदेव, म्हणजे युआन श्वांग, जुन्या पुस्तकांतला ह्यूएनत्संग. मघाचा भात त्याच्याच घरचा. ब्राह्मणाला हे नाव ठाऊक आहे. त्याचा राग जिरतो, तो सेवकाशी वाद घालत नाही. तुम्ही पोरग्याला हळूच विचारता, "फाडणं हे कोणतं खंडन?" तो म्हणतो, "शास्त्रात नाही बसत." मलाही तसंच वाटतं. समोरच्याचे मुद्दे तुडवून सुरुवात करणं ही चिनी पाहुण्याची आजच्या दिवसातली पहिली चूक, दुसरी आत दिसेल.

सभेत जागा मिळते ती खांबाला टेकून. बाहेर ऊन चढलंय, आत इतक्या माणसांच्या श्वासांनी हवा जड झालीय. समोर विहाराचे प्रमुख आचार्य शीलभद्र बसलेत. वय शंभरच्या पलीकडे. त्यांना इथं कुणी नावानं बोलवत नाही, धर्माचा ठेवा म्हणतात. सांधे दुखतात, बसताना दोघांनी धरावं लागतं. पण हेच शीलभद्र तिशीत असताना दक्षिणेकडून आलेल्या एका ब्राह्मणाशी गुरूच्या वतीनं वादाला उभे राहिले होते. हा पोर काय बोलणार, म्हणून वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली. गुरू धर्मपाल म्हणाले, वय मोजू नका. पोर जिंकलं. नववीतून संघात निवडल्या गेलेल्या मुलांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही. आज ते साक्षी आहेत, म्हणजे तुमच्या भाषेत परीक्षक.

तुमच्या मागे चिकित्साविद्या शिकणारा एक भिक्षू बसलाय, अंगाला हिरड्याचा वास. तो कानाशी पुटपुटतो की आमच्या चरकसंहितेत वैद्यांसाठीसुद्धा वादाचे नियम आहेत. सभा आधी पारखावी. जाणती आहे की मूढ? आणि तुमच्या बाजूची, तटस्थ, की आधीच तुमच्या विरुद्ध गेलेली? विरुद्ध गेलेल्या सभेत तोंड उघडू नये. शहाण्या वैद्याचा सल्ला आहे, पण ब्राह्मणाला तो कुणी दिलेला दिसत नाही. ही सगळी सभा त्याच्या विरुद्ध आहे आणि तो एकटा आहे. मला, खरं सांगायचं तर, या क्षणी तो आवडतो.

युआन श्वांग बोलायला लागतो. उंच, गोरा, संस्कृतावर परदेशी छटा. आणि सुरुवातीलाच तो घसरतो. वेगवेगळ्या पंथांचे साधू घेतो आणि त्यांच्या मतांआधी त्यांच्या अंगावर बोलतो: राख फासलेले चुलीत झोपलेल्या मांजरासारखे दिसतात, वगैरे. सभा हसते. तुम्हीही हसता. हसून झाल्यावर शोधा, यात हेतू कुठे होता? नव्हता. हा हशा कुठल्याही परीक्षकाच्या गुणपत्रिकेत मुद्द्यांच्या रकान्यात लिहू नये.

पण मग तो सांख्यांकडे, म्हणजे सांख्य दर्शन मानणाऱ्यांकडे, वळतो आणि खांबाला टेकलेली पाठ तुम्ही सरळ करता. आधी तो सांख्यांचं म्हणणं मांडतो, सगळं, सावकाश. पंचवीस तत्त्वं. प्रकृती सत्त्व, रज, तम या तीन गुणांची, आणि तिच्यापासून झालेलं प्रत्येक तत्त्वही याच तिघांचं. सभेतल्या कुठल्याही सांख्यानं "हो, हेच आमचं मत" म्हणावं इतकं नीट. थांबतो. मग म्हणतो, ठीक आहे, मानलं. प्रत्येक वस्तू त्याच तीन गुणांची असेल तर प्रत्येक वस्तू इतर सगळ्यांसारखीच झाली. मग कानानं वास यायला हवा. तोंडाला दिसायला हवं. येतो का? दिसतं का?

याला प्रसंग म्हणतात. समोरच्याचं विधान खोटं आहे असं ओरडायचं नाही. ते खरं धरायचं आणि त्याच्याच बोटाला धरून चालत जायचं, जोवर तो अशा ठिकाणी पोचत नाही जिथं त्यालाच उभं राहवत नाही. आणि हे जमतं कशामुळे, ते बघा. आधी त्यानं समोरच्याचं म्हणणं नीट उभं केलं म्हणून. ते उभं करणं म्हणजे पूर्वपक्ष, आणि वादात समोरच्याचं वाक्य परत सांगणं म्हणजे अनुभाषण. नियम कडक आहे. समोरच्याचं बोलणं सभेला कळलंय, तीनदा सांगून झालंय आणि तरी तुम्हाला ते परत सांगता आलं नाही, तर तुम्ही हरलात. खंडन लांबच राहिलं. तुमच्या झेरॉक्सवर 'रिबटल' शब्दाच्या आधी हा शब्द हवा होता. निम्मी शालेय भाषणं इथंच बाद झाली असती, कारण दुसरा वक्ता पहिल्याचं ऐकत नसतो. घरून लिहून आणलेलं खंडन मनातल्या मनात घोकत असतो.

ब्राह्मण उत्तर देतो. जोरात देतो. दोघं पुढे-मागे होत राहतात, नगारा वाजतो, पुन्हा वाजतो. पोरगा तुमच्या तळहातावर बोटानं खुणा करतोय. हरण्याच्या जागा मोजतोय. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात, नैयायिकांच्या यादीत २२ आहेत. कुस्तीत पाठ टेकली की संपलं, तशा या बोलण्यातल्या पाठ टेकायच्या जागा. अडचण आली म्हणून आपली मूळ प्रतिज्ञाच सोडून दिली, ही प्रतिज्ञाहानी. सोडली नाही पण हळूच तिला नवी शेपटी जोडली, "म्हणजे, सगळी मुलं नाही, शहरातली मुलं", हे प्रतिज्ञांतर. विषय सोडून भलतंच, अर्थांतर. तेच तेच पुन्हा, पुनरुक्त. काही सुचलंच नाही, अप्रतिभा.

मला स्वतःला दोन फार प्रिय आहेत. एक मतानुज्ञा: तुमच्यावर आरोप झाला आणि तुम्ही म्हणालात, "तुमच्याही बाबतीत तेच आहे की!" झालं. 'तुमच्याही' म्हणताना आपल्यातला दोष कबूल करून टाकलात. टीव्हीवरच्या चर्चा हा नियम लावून बघितल्या तर पहिल्या जाहिरातीआधीच संपतील. दुसरी विक्षेप: अंगाशी येतंय असं दिसताच "अरे, मला एक महत्त्वाचं काम आठवलं" म्हणत उठून जाणं. यासाठी स्वतंत्र नाव ठेवावं लागलं, यावरून किती जण उठून गेले असतील ते समजा.

ब्राह्मण उठून जात नाही. आता त्याच्याकडे बघा, बोलण्याकडे नको. शीलभद्र ज्या योगाचारभूमीवर इथं प्रवचनं देतात, तिच्यात वादात पडलेल्या माणसाची लक्षणं वर्णिली आहेत: गप्प होणं, खांदे ढिले पडणं, मान खाली जाणं. ते सगळं तुमच्या डोळ्यांपुढे एकेक करून घडतंय. आवाज आधी बारीक होतो. मग वाक्यं अर्धी राहतात. मग खांदे. सभेत इतकी शांतता की बाहेरच्या वाटीत पाणी चढतंय ते ऐकू यावं. त्याच ग्रंथात वादाचे अलंकारही सांगितलेत: आपलं आणि समोरच्याचं शास्त्र माहीत असणं, भीड न वाटणं, दाक्षिण्य. शेवटचा अलंकार कुणाला शोभतो ते आता कळेल.

ब्राह्मण हात जोडतो. "मी हरलो. ठरल्याप्रमाणे करा."

तुमच्या पोटात गोळा येतो. बाहेरच्या जगात हरलेल्याच्या तोंडाला तांबडी-पांढरी माती फासून, धुळीनं माखून त्याला रानात हाकलतात किंवा खड्ड्यात ढकलतात, आणि जिंकणाऱ्याला शृंगारलेल्या हत्तीवर बसवतात. उत्तेजनार्थ प्रमाणपत्र अजून कुणाला सुचलेलं नाही. आणि इथं तर डोक्याचा प्रश्न आहे.

"आम्ही शाक्यपुत्र कुणाला मारत नाही," युआन श्वांग म्हणतो. "तू माझा सेवक हो."

सभा वाहवा करते. तुम्हाला तितकं बरं वाटत नाही, वाटू नये. माणूस वाचला, पण दास झाला. पोरग्याला यात काही खटकत नाही. त्याला भूक लागलीय, आणि दुपार टळायच्या आत जेवलं नाही तर उद्यापर्यंत काही नाही.

इथं दिवस संपला असता. पण काही रात्री पुढे सरकूया, महायानदेवाच्या घरी. तेलाचा दिवा, तेलाचा वास, कोपऱ्यात उघडी पडलेली ताडपत्रं. उड्र देशातल्या हीनयानी पंडितांनी महायानाचं खंडन करणारा ७०० श्लोकांचा ग्रंथ पुढे केलाय, आणि त्यांच्याशी वादाला जायचं युआन श्वांगकडे आलंय. त्यानं ग्रंथ मिळवलाय, वाचलाय, पण काही जागा अडतात. तो नव्या सेवकाला विचारतो: तू हा ऐकलायस का?

"पाच वेळा."

"मला समजावून सांग."

"मी तुमचा दास. मी तुम्हाला काय समजावणार?"

"हे दुसऱ्या संप्रदायाचं आहे, मला माहीत नाही. संकोच नको."

तेव्हा ब्राह्मण म्हणतो, मग रात्री सांगतो. आपण दासाकडून शिकता असं लोकांनी ऐकलं तर आपल्या नावाला बट्टा लागेल. हरलेल्या माणसाची ही अक्कल बघा. म्हणून ही रात्र. इतर सगळ्यांना बाहेर काढलंय, आणि ज्याचे चाळीस मुद्दे पायाखाली गेले तो आता पहिल्या श्लोकापासून सातशेव्यापर्यंत विरुद्ध बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी उभी करून देतोय. जिंकलेला ऐकतोय. मध्ये विचारतोय. पुन्हा ऐकतोय. यातूनच तो पुढे १६०० श्लोकांचं उत्तर लिहिणार आहे. दाराच्या फटीतून हे बघताना एक करा: तुमच्या संघात सरावाच्या वेळी ठरावाच्या विरुद्ध बाजूनं सर्वांत चांगलं कोण बोलतं ते आठवा. त्याला तुमच्या गटात घ्या, त्याला वडापाव खिलवा, काय वाटेल ते करा.

सांगणं संपल्यावर युआन श्वांग त्याला म्हणतो, वादात हरून तू माझा दास झालास, एवढी मानहानी पुरे झाली. हवं तिकडे जा. आणि तो मोकळा माणूस जातो कुठे? पूर्वेला, कामरूपात, तिथल्या राजापुढे. आणि आपल्याला हरवणाऱ्याची तिथं मनापासून स्तुती करतो.

त्याचा परिणाम नालंदाला भोगावा लागतो. राजाचा दूत येतो: त्या चिनी भिक्षूला माझ्याकडे पाठवा. शीलभद्र नाही म्हणतात, त्याला आधीच दुसरीकडे जायचंय. पुन्हा पत्र. पुन्हा नकार. मग असं पत्र येतं, ज्यात प्रतिज्ञाही नाही आणि हेतूही नाही: पाठवला नाहीत तर हत्तींचं सैन्य घेऊन येईन आणि नालंदा तुडवून तिची धूळ करीन.

पोरगा बोटं मोजून बघतो. २२ निग्रहस्थानांत हे कुठंच बसत नाही. आतल्या घरात महायानदेव सामान बांधायला घेतो.